माल निघाला का

अक्कलकोट रोडला, कारखान्याच्या माडीवर
शिवयोगी लॅपटॉप उघडतो.
खाली बावीस माग. बोलायचं तर ओरडावं लागतं.

"लॉगिन, विशलिस्ट, पॉइंट, चॅट,
वाढदिवसाला आपोआप शुभेच्छा!"
कुणाच्या वाढदिवसाला? मी ओरडतो.
आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांची जन्मतारीख
मास्तरनं ठरवलेली. एक जून.
तो हसत नाही. एक जून लिहून घेतो.

चादर चारी बाजूंनी फिरवून दाखवता येईल, म्हणतो.
येईल की.
पण विजापूरचे मलकप्पा
कोपरा चिमटीत धरतात, डोळे मिटतात,
मग भाव बोलतात.
त्या चिमटीचं काय करशील?
"पुढच्या व्हर्जनमध्ये बघू."

राजमणीबाई चलनं घेऊन वर येतात.
एकवीस वर्षं फोन त्याच उचलतात.
लोक काय विचारतात हो?
"एकच. माल निघाला का."
मग तुम्ही?
"निघाला म्हणते."
पदरानं कपाळावरचा कापूस पुसत:
"कधीकधी मागावरच असतो."

तेवढ्यात लाइट गेली.
बावीस माग एकदम गप्प,
आणि माझं हसणं सगळ्या शेडला ऐकू गेलं.

यादी खोडत खोडत
शेवटी एक हिरवं बटण उरलं: निघाला.
"हे दाबायचं कधी?" बाई विचारतात.
ट्रक गेटाबाहेर पडल्यावर. खराखुरा.

बाई बराच वेळ बटणाकडे बघतात.
"असू दे," म्हणतात,
"पण फोन काढू नका."