बर्फ कसा वाजतो

बारा डिसेंबरला नळांमधलं सगळं पाणी काढून टाकलं,
घराची किल्ली शेजारच्या मॉडकडे दिली,
आणि आता पाचवा आठवडा
आम्ही दोघं एका पलंगाएवढ्या जागेत राहतोय.
क्लेमने कूस बदलली की मलाही बदलावी लागते.
केबिनच्या छताला त्याचं डोकं आपटतं,
रोज, त्याच जागी,
आणि रोज तो नवी शिवी शोधतो.

बेटं नावांनी मोठी, अंगाने मूठभर.
सकाळी एक मागे पडतं,
दुपारी पुढचं उगवतं: आधी ढग, मग डोंगर,
मग पाण्यावरून आलेली कोंबड्याची बांग.
भूगोलाच्या पुस्तकातले व्यापारी वारे
खरेच निघाले. ईशान्येकडून, वेळेवर,
शिडात माप भरून.

भांडण होतं ते फक्त नांगरावरून.
तो नाळेवर उभा राहून हात हलवतो,
मी मागे सुकाणू धरून
त्या हाताचा अर्थ लावते, चुकीचा,
आणि अख्खी खाडी बघत बसते फुकटचा तमाशा.
एकेचाळीस वर्षांच्या संसारात
इतक्या मोठ्याने आम्ही कधी बोललो नव्हतो.

कॅरिअकूला इंजिनाने मान टाकली.
ओस्बर्ट आला होडी वल्हवत,
कान लावून ऐकलं, म्हणाला,
लाकूड असतं तर मीच जोडलं असतं.
लोखंडासाठी माझा पुतण्या. येईल मंगळवारी.
कुठल्या, ते विचारायचं नसतं.

म्हणून आम्ही त्याच्या ओसरीवर.
समोर वाळूत अर्ध्या गलबताच्या बरगड्या,
सीडरच्या, अजून ओलसर,
आणि बदामाच्या सावलीत त्याची बहीण युलालिया
तुरीच्या शेंगा सोलत बसलेली.
मीही बसले. अंगठ्याचं नख हिरवं झालं.

तिसऱ्या दिवशी ओस्बर्टने विचारलं,
तुम्ही तिकडचे. एक सांगा.
बर्फ कसा वाजतो?

त्याची मुलगी टोरांटोत, नऊ वर्षं.
रविवारी फोन करते.
म्हणते, बाबा, बाहेर बर्फ पडतोय.
मी फोन कानाला घट्ट धरतो, तो म्हणाला.
काहीच येत नाही.

क्लेमने घशातून एक आवाज काढला,
खरवडल्यासारखा, लांबलचक.
असा, म्हणाला. पातं डांबरावर घासतं तसा.
मी म्हटलं, छे. वाजत नाही तो.
बाकीचं सगळं वाजायचं थांबतं.

क्लेमने माझ्याकडे पाहिलं,
नळ गोठलाय हे सकाळी कळावं तसं.

एकतीस हिवाळे हा माणूस रात्री दोनला उठायचा,
ट्रकला नांगर जोडून
गावाचे रस्ते मोकळे करत फिरायचा.
आणि मी त्याच्या बाजूच्या थंड होत जाणाऱ्या उशीशेजारी
जागी. खिडकीपाशी. ऐकत
की काहीच ऐकू येत नाही.
एकाच गावात, एकाच बर्फात.
हे आम्ही कधी बोललो नव्हतो.
कशाला बोलेल कुणी?

मग खरं कुणाचं, युलालियाने विचारलं,
मान वर न करता.

रविवारी फोन वाजला.
ओस्बर्टने तो शेंगांच्या टोपलीशेजारी ठेवला,
आवाज मोठा केला, म्हणाला,
पोरी, खिडकी उघड. आणि बोलू नकोस.

चौघं वाकलो.
आधी नुसती खरखर. मग वारा, की तिचा श्वास.
मग दूर, खाली, रस्त्यावर कुठेतरी
लोखंड घासत आलं,
आणि क्लेमचं बोट वर गेलं: तो बघ, तो.
आला, जवळ आला, वळला, गेला.
क्लेमचं बोट तसंच हवेत,
आणि मी त्याचं मनगट धरलं,
थांब, म्हटलं. आता माझा.

बाबा, ती म्हणाली, खिडकी लावू का?
थंडी आत येतेय.

ओसरीवर कुणीच लगेच उत्तर दिलं नाही.