सोळानंतर तेहतीस

एकोणीस वर्षं मी पुस्तकं दुमडतेय.
डिलाईल रोडला, गाळ्यात, दुसऱ्या मजल्यावर,
कागद उडतात म्हणून पंखा बंद ठेवून.
उजव्या हातात हाडाची पट्टी,
एक घडी, दुसरी, तिसरी,
सोळा पानांचा एक फर्मा.
शेकड्यामागे शेठ देईल ते.

सातवीचा भूगोल, नववीचं बीजगणित,
सगळं गेलंय या बोटांखालून.
मार्च लागला की शाळांची घाई,
आम्ही बाया जेवायलाही पाळीपाळीने उठतो.

आकडे येत होते मला.
पान मागेपुढे झालं की पैसे कापतात,
आकडे वेगळे शिकवावे लागले नाहीत.
बाकी काळं ते नुसतं काळं.
शाई वाळली की ओली,
एवढंच बघायचं त्यात.

भूगोलात जगाचा नकाशा असतो, दोन पानांवर.
एकदा त्याचा ढीग पुढ्यात असताना
रेडिओवर सांगत होते,
कुठल्याशा देशात पोरींच्या शाळांना
सरकारनंच कुलूप घातलं.
आम्ही तिघी वाकलो, बोटं फिरवली.
हिरव्यात असेल, नफिसा म्हणाली.
पिवळ्यात असेल.
देशांची नावं होती तिथं, छापलेली, स्वच्छ.
आम्हाला देश सापडला नाही.

मग मर्सी म्हणाली,
माझ्या शाळेला नव्हतं गं कुणी कुलूप घातलेलं.
उघडीच असायची.
मीच धाकट्याला कडेवर घेऊन
फाटकाबाहेर उभी असायचे,
आतल्या पोरी पाढे म्हणायच्या तोवर.

त्यावर कुणी काही बोललं नाही.
दिवसाचे तीन हजार फर्मे व्हायचे होते.

यंदा पालिकेच्या शाळेत बायांचा रात्रीचा वर्ग निघाला.
बाक लहान पोरांचे. गुडघे मावत नाहीत,
तिरकं बसावं लागतं, लग्नात फोटोला बसतात तसं.
कणसेबाईंनी पुस्तक दिलं.
सवयीनं मी आधी पाठ दाबून बघितली,
मग पानं सोडली अंगठ्यावरून.
पंधरा, सोळा, तेहतीस.

बाई, याचा फर्मा चुकलाय.
त्या म्हणाल्या, द्या, बदलून देते.
मी दिलं नाही.
टाका ओळखीचा होता,
शेवटी डावीकडे ओढून गाठ मारलेला.
असा टाका मीच घालते.

म्हणजे अशी आणखी किती गेली असतील,
कुठल्या कुठल्या गावात,
आणि कुठली पोर गप्प बसली असेल
आपल्यालाच कळत नाही म्हणून.

घरी येऊन धागा उसवला.
खळ शिजवली, पानं लावली पुन्हा.
सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं,
मान वर केली तेव्हा तेहतिसावं चालू होतं.
मधली पानं कुठल्या ढिगात गेली कोण जाणे.
ती काही शिवता येत नाहीत.
पुस्तक मात्र झालं नीट.
एकोणिसाव्या पानावर विहिरीचा धडा निघाला.
विहीर वाचायला मला दोन रात्री लागल्या.

आज पगार.
शेठनं वही फिरवली, शाईचं पॅड पुढे सरकवलं.
माझं नाव आता मला लांबूनही दिसतं.
त्याच्या पुढच्या रकान्यात एक शब्द.
म. द. त.
नी-ला जरा वेळ लागला.
स.

वरच्या ओळीत सुहास,
परवा परवा आलेला,
ज्याला पट्टी धरायची कशी हे मी दाखवलं.
त्याच्या पुढे
का, रा, गी, र.

बाई, लावा अंगठा, शेठ म्हणतो,
मागे माणसं उभी आहेत.

उभी राहू देत.
अजून एक रकाना राहिलाय.