आणखी दहा फूट

ओडील सीर यांचा फोन आला, मार्चातल्या दुसऱ्या मंगळवारी:
घरातले सगळे नळ बंद,
तरी दर बारा मिनिटांनी तळघरात टक् होतं,
पंप उठतो, गुरगुरतो, परत निजतो.
"कुठंतरी पाणी मुरतंय, नादीन."
खरं तर आमचा सगळा धंदा
याच एका वाक्यावर चालतो.

नदीपलीकडे कॅनडा, अलीकडे बर्फाखाली बटाट्याची रानं.
अंगणात गुडघाभर वर आलेली सहा इंची लोखंडी नळी,
हीच विहीर. काठ नाही, वाकून बघायची सोय नाही.
टोपण तडकलेलं. आत मुंग्यांचं बिऱ्हाड.
मी टोपी मागे सारून नळीला कान लावला.
खोल कुणीतरी भांडी विसळत होतं.

ट्रकमध्ये बापाची वही असते, ग्रीसचे डाग पडलेली.
सीर, रोझेर. जून १९७४. फुटाला नऊ डॉलर.

० ते १४: चिकणमाती, गोटे.
१४ ते १७०: काळी पाटी.
१८०: ओल. नुसती ओल.
२६०: कोरडं. नवरा म्हणतो थांबवा.
बायको म्हणते आणखी दहा फूट.
२७०: कोरडं. आणखी दहा.
२८०: तेच.
३३०: बिट गेला. नवरा कोठारात जाऊन बसलाय.
३९०: बायको म्हणते

आणि पुढे बापाने लिहिलंच नाही,
नुसती एक रेघ ओढली, पेन्सिल जरा दाबून.
४१२: पाणी. मिनिटाला सहा गॅलन. गार.

'गार' हा शब्द नोंदीत लागत नाही.
सरकारी फॉर्मवर त्याला रकानाही नाही.

मी आणि भाचा, आम्ही पाइप ओढायला घेतला,
काळा, ओला, संपता संपेना;
अंगणभर वेटोळी, गाडीच्या चाकाखालून, कुत्र्याच्या घराला वळसा.
पस्तीस फुटांवर सापडलं: सुईच्या टोकाएवढं भोक.
पन्नास वर्षांत कितीदा पाइप बदलला असेल,
हा शेवटचा नळीला घासत राहिला,
पंप उठला की दर वेळी केसभर.
वर आलेलं पाणी तिथूनच
भिंतीवरून घरंगळत परत जात होतं.

ओडीलबाई खिडकीतून बघत होत्या, हातात रिकामी किटली.
मी विचारलं, तीनशे नव्वदला काय म्हणालात?
"तुझ्या बापाला म्हटलं, माझ्याकडे पैसे नाहीत.
तो म्हणाला, ते मी विचारलं नाही.
रोझेर महिनाभर बोलला नाही माझ्याशी.
पाणी मात्र प्यायचा. ग्लासावर ग्लास."

नवा तुकडा, नवे क्लॅम्प, नवी वायर, टोपणाला रबर.
ब्लीचची बादली ओतली, नळीच्या कडा धुतल्या.
बंद करायच्या आधी बाईंनी आतून हातआरसा आणला,
बापाची जुनी युक्ती त्यांना आठवत होती:
ऊन धरायचं आणि नळीत सोडायचं.
उजेड लोखंडाला घासत खाली गेला,
आणि साठ फुटांवर हलला,
एका नाण्याएवढा.
भाचा म्हणाला, एवढंच?
बाई म्हणाल्या, एवढंच.

रात्री साडेअकराला पुन्हा फोन.
"काही वाजत नाहीये."
मी म्हटलं, तेच तर दुरुस्त केलं.
"हो, पण मग चालू आहे, हे कळायचं कसं?
रोझेर गेल्यापासून ते टक् मी मोजत होते.
पाच झाले की एक तास."

मी म्हटलं, नळ उघडा.
त्यांनी फोन बेसिनजवळ धरला असावा;
बराच वेळ नुसतं पाणी ऐकू आलं, मग टक्,
मग लांबून गुरगुर.
वास येतोय का?
"पोहण्याच्या तलावासारखा."
मग पिऊ नका अजून. उद्या दुपारी बाहेरचा नळ सोडून ठेवा,
बर्फावर, सेप्टिकच्या दिशेने नको,
वास जाईपर्यंत.
"बरं," त्या म्हणाल्या,
पण नळ बंद केला नाही.