फळ्याची खालची ओळ

दाभोळच्या जेटीवर एक फळा आहे.
वर फेरीबोटीच्या वेळा,
खाली सुविचाराला एक ओळ.
एकवीस वर्षं दोन्ही मीच लिहितो,
सकाळी सव्वासहाला, तिकिटांना हात लावण्याआधी.

सुविचारांचं पुस्तक ऑफिसनं दिलेलं. तीनशे पासष्ट.
लीप वर्षाचा जास्तीचा दिवस मी
'धूम्रपान करू नये' वर भागवायचो.
'ध्येयाविना माणूस म्हणजे सुकाणूविना होडी'
हे एकवीस वेळा लिहिलं.
दर खेपेला पोटात काहीतरी किंचित हलायचं,
मग सुट्ट्या पैशांची बोंब सुरू व्हायची.
वाचत कुणीच नव्हतं.
एकदा तीच ओळ आठवडाभर ठेवून बघितली.

मग एका उधाणाला पाणी केबिनीत शिरलं.
खालच्या खणात पुस्तक पावासारखं फुगलं.
पानं सोडवायला गेलो तर
शाई माझ्या बोटांना,
शहाणपण खाडीला.

दुसऱ्या दिवशी खडू हातात, ओळ रिकामी,
पलीकडून धोपाव्याचा भोंगा.
समोर चिखलात एक निवटी उड्या मारत चालली होती,
पाण्याकडे पाठ करून,
वर, सुक्या दगडांकडे.
लिहिलं:
आज एक निवटी उलटी निघाली आहे.
आणि खिडकी उघडली.

'उलटी? खंय ती?'
जानकी तांडेल पाटी डोक्यावर तशीच ठेवून वाकली.
तिच्यामागे कॉलेजची पोरं, एक नवरदेव, दोन कंडक्टर.
बोट चार मिनिटं उशिरा सुटली.
रजिस्टरात कारण लिहिलं: गाळ.

तेव्हापासून पंचाईत.
रोज ओळ द्यायची तर रोज काहीतरी दिसायला हवं.
स्कूटर घरी ठेवली, तिवरांच्या कडेनं चालत येऊ लागलो.
परकारांच्या टेंपोत आरशाचं कपाट होतं,
त्यात बसून खाडी पलीकडे गेली. फुकट.
हे लिहिलं त्या दिवशी मी स्वतःच
दोनदा बाहेर येऊन वाचलं.

भांगाचे दिवसही येतात.
पाणी ना धड चढत, ना धड उतरत,
तसंच माझंही.
एकदा सरळ लिहिलं, 'आज काही दिसलं नाही.'
आठवीतल्या एका पोरानं खाली बारीक अक्षरात विचारलं,
'बघितलं होतं का?'

रत्नागिरीहून साहेब आले.
'हा सुविचार आहे?'
म्हटलं, साहेब, यात विचारच नाही, नुसतं दिसलेलं आहे.
ते फळ्याकडे बघत राहिले, मग खाडीकडे,
मग तिकीट काढून गेले.

बायको म्हणते, वहीत उतरवून ठेवा,
संध्याकाळपर्यंत खारं वारं सगळं पुसून टाकतं.
वही घेतली. कोरी आहे.
वहीत भोंगा वाजत नाही.

सुकाणू सापडलं का, मला विचारू नका.
मी तिकिटंच फाडतो अजून.
पण पहाटे जाग येते ती आता
आज काय, या उत्सुकतेनं,
आणि पन्नाशीच्या गुडघ्यांना हे कुणी कळवलं नव्हतं.

आज जानकी पाटी उतरवून थेट खिडकीशी आली.
'लिवा. रातच्याला जाळ्यात चंद्र सापडला व्हता,
सोडून दिला, लहान व्हता.
आनी खाली नाव माजं घालायचं.'

एवढी जागा नव्हती.
मी वेळा पुसल्या,
आणि थोड्या वर सरकवून
बारीक अक्षरात लिहिल्या.