बोजारा

बाबांचा रंधा श्रावणात थांबायचा नाही.
पोळ्याला पंधरा दिवस उरले की अंगणभर
सागाचा भुसा, आणि भुशात उभे
बिनचाकांचे, बिनडोळ्यांचे बैल.

घासायचं काम माझं.
पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून
वशिंडापासून शेपटीपर्यंत,
उलटा हात फिरवला तरी कुसळ लागू नये एवढं.
मग डोळे. तेही माझे.
आधी पांढरा बदाम, त्यात बुबुळ,
शेवटी टाचणीच्या टोकानं एक ठिपका.
ठिपका दिला की बैल बघायला लागतो.

वाकसाला मात्र हात लावायचा नाही.
"सुताराच्या पोरीनं वाकस धरला
तं लाकूड तडकते," मोठी आई म्हणायची.
देवानंदनं धरला. लाकूड तडकलं.
बाबा म्हणाले, गाठ होती लाकडात.

तान्ह्या पोळ्याला बोरखेडीचे सारे पोट्टे
मारुतीच्या पाराशी, नव्या टोप्या, हातात दोऱ्या,
कुणाचा नंदी गुडघ्याएवढा, कुणाचा मुठीएवढा.
मी कवाडात. तेवीस बैल मोजले,
शेहेचाळीस डोळे माझे.
मग ते घरोघर. बाया खुरांवर पाणी घालणार,
टिळा लावणार, पोराच्या हातावर बोजारा.
देवानंद खिसा वाजवत आला.
मी म्हटलं, मला?
"तुले कायचा? तुह्याकडं बैल हाय का?"

एका वर्षी शिंग तुटलेला एक उरला.
अंधार पडल्यावर त्याला सुतळी बांधली,
विहिरीपर्यंत नेला. चाकं नव्हती, फरफटत नेला.
तिथं गिरजाकाकू, पाणी शेंदत.
तिनं बैलाकडे पाहिलं, माझ्याकडे, मग रस्त्याकडे.
पदराची गाठ सोडून चार आणे दिले.
"सांगू नको कोणाले."
ते माझ्यासाठी होतं की तिच्यासाठी,
अजून कळलं नाही.

लग्नात मला लोखंडी कपाट मिळालं.
देवानंदला दुकान, रंधा, वाकस,
आणि पाटीवर बाबांचं नाव.
दर श्रावणात त्याचा फोन:
"बाई, ये न दोन दिवस. डोळे तिरळे होतात माह्यानं."
मी आर्वीहून एसटीनं जाते.
निघताना तो साडी देतो.
बहिणीला मजुरी कोण देतं?

या वर्षी साठ होते.
मी बुबुळं जराशी कडेला काढली,
समोरच्या रस्त्याकडे नाही,
कवाडाकडे, जिथं पोरी उभ्या असतात.
गिऱ्हाइकं घेऊन गेली. कुणी काही बोललं नाही.
देवानंदनंही नाही, तो पैसे मोजत होता.

फक्त त्याची खुशाली, सहा वर्षांची,
चौकटीला टेकून म्हणाली,
"आत्या, दादाचा बैल माह्याकडंच पाहून राहिला."

मी ब्रश धूत होते. पाणी काळं होत होतं.
"मंग तू बी पाह्य," मी म्हणाले.

ती पाहत राहिली,
दादानं दोरी ओढेपर्यंत.