चार अंश

तपासणी अकराला होती.
सातपासून आम्ही फरशी पुसत होतो,
पहिल्यांदाच पुसतोय असं वाटू नये
म्हणून कोपरे आधी.

पिवळी पिशवी, लाल पिशवी, निळा डबा,
सुयांसाठी पांढरा, झाकणाचा.
दरपत्रक भिंतीवर, शेजारी रुग्णहक्कांची सनद,
सनदेखाली महापुराची रेघ,
तीनदा रंग दिला तरी वर येणारी,
माझ्या छातीएवढी.

मोठे डॉक्टर मगदूम, वय एक्याऐंशी,
इस्त्रीचा शर्ट घालून पेशंटच्या बाकावर बसले.
सन्मती मॅडम दोनदा म्हणाल्या, "बाबा, आत बसा."
"असू दे. आज आपल्यालाच तपासायचंय ना?"

काळेबाग मॅडम आल्या. चहा नको म्हणाल्या,
पाणीसुद्धा स्वतःचं आणलं होतं.
अग्निशामकाची तारीख वाचली,
नळ कोपरानं बंद होतो का ते पाहिलं,
अ‍ॅड्रेनॅलिनची कुपी उजेडात धरली.
हात कसे धुता, म्हणाल्या, दाखवा.
मी अंगठा विसरले.
सतरा वर्षं मी अंगठा धुतेय,
कुणी बघत नसताना.

मग लशींचा फ्रिज.
मग त्याच्या दाराला सुतळीनं बांधलेली वही.
सकाळ चार. संध्याकाळ चार.
चार, चार, चार, माझ्याच अक्षरात,
एकाच शाईत, साखरेकडं निघालेल्या मुंग्यांसारखे.

"बारा तारखेला," आवाज न चढवता त्या म्हणाल्या,
"भिलवडीत नऊ तास लाईट नव्हती.
मी इथंच होते, आरोग्य केंद्रात, घामानं भिजून.
तुमचा फ्रिज चारवर कसा?"

इन्व्हर्टर आहे, असं सांगता आलं असतं.
आहेच तो. बॅटरी दिवाळीपासून मेलेली.
बाकावर एक पोर खोकत होतं
ते थांबलं, किंवा मला ऐकू येईना.

"बघितलं नव्हतं," मी म्हणाले.
"मिरजेला उरूस होता, मी दुपारीच गेले.
दुसऱ्या दिवशी येऊन चार लिहिलं.
हाताला चारची सवय झालेली."

सन्मती मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही.
त्यांनी रागवायला हवं होतं.
मोठे डॉक्टर "आमच्या वेळी फ्रिजच कुठं..."
एवढं बोलले, आणि मधेच गप्प झाले.
मग उठून इंजेक्शनचं रजिस्टर घेऊन आले,
चष्मा पुसला, आणि बोट ठेवत मोजू लागले,
बारापासून आजपर्यंत कुणाकुणाला दिलं.

आठ बाळं. चोपड्यांची जुळी धरून.
आणि एक कुत्रं चावलेला पोरगा,
ऊसतोडीच्या टोळीतला, पोटरीला चार दात,
"दुखत न्हाई" म्हणत रडणारा.

शेरा लिहून झाला. सही झाली.
पंधरा दिवसांत उत्तर द्या, म्हणाल्या,
आणि जाताना वाकून
फ्रिजमागची धूळ बोटानं काढून बघितली.
तिथं धूळ नव्हती. तेवढं मी खरं केलं होतं.

सगळ्या कुप्या बाद केल्या.
दुपारभर फोन लावत बसलो.
"घाबरू नका, परत एक डोस द्यायचाय, पैसे नाहीत."
घाबरू नका म्हटलं की माणसं घाबरतात.
एक आजी म्हणाली, "रेहाना, तूच टोचलंवतंस ना?
मग काय व्हायचंय आमच्या बाळाला?"
यावर मला बोलता आलं नाही.

नववा नंबर मुकादमाचा होता. बंद.
टोळी कुठल्याशा दुसऱ्या कारखान्याला गेली.
सन्मती मॅडमनी कारखान्यांची यादी काढलीय,
रोज दोन-तीन लावतो.
पोराचं नाव रजिस्टरात आहे, आडनाव नाही.

नवी वही आणली. आज सकाळ सहा.
दुपार सात, दार उघडं राहिलं होतं.
संध्याकाळ पाच.
मोठे डॉक्टर येतात, काठी टेकून उभे राहतात,
काटा स्वतः वाचतात, मग माझा आकडा.
मला त्याचं वाईट वाटत नाही.

कधीतरी खरंच चार असतो.
तेव्हा चार लिहायला
हात धजत नाही.