दाढ

ईसीजीच्या खोलीत मी बायकांना
आधी गळ्यातलं काढायला सांगते.
कुणी पिशवीत ठेवतं, कुणी मुठीत दाबतं.
मालन कोळेकरांनी ते दातांत धरलं,
उजव्या बाजूच्या.
डावीकडची दाढ परवाच काढली होती.

"ठणकायची ओ, पार कानापतुर.
शेडवर बेदाण्याची पाटी उचलली की सुरू,
जरा टेकलं की गप."
कवठ्याच्या दातवाल्या डॉक्टरनं पाचशे घेतले,
दाढ कागदात बांधून दिली.
"कळ न्हाई निघाली. ती हाय तिथंच हाय."

मिरजेच्या या खोलीत मला अकरा वर्षं झाली.
पुरुष येतात छातीवर हात ठेवून,
मागे चार माणसं, बाहेर गाडी चालूच.
बायका येतात बाजार उरकल्यावर,
पिशवीतून मेथी डोकावत असते.
पित्त आहे म्हणतात. पाठीत भरलंय म्हणतात.
भाकरी थापताना हात जड होतो,
तर पीठच घट्ट भिजलं असेल.
एकीला तीन दिवस पहाटे दरदरून घाम सुटला,
तिनं पंखा दुरुस्त करून घेतला.

मालनताईंच्या बोटांना गंधकाचा वास होता,
काड्या खुडून अंगठ्याचं नख उभं चिरलेलं.
मी जेल लावलं.
"गार हाय की," म्हणाल्या,
आणि छताकडे बघत विचारलं,
"साडेचारची एसटी घावंल न्हवं?"

कागद सरकत बाहेर आला.
आमच्या कागदावरही एक एसटी असते,
प्रत्येक ठोक्यात, एवढासा सपाट रस्ता.
त्यांचा तो रस्ता खचला होता.
मला वाचता येतं. सांगायचा अधिकार नाही.
मी एवढंच म्हणाले, उठू नका.

डॉक्टर येईपर्यंत बोलत राहायचं असतं.
फॉर्मवर नसलेला एक प्रश्न
मी पेन्सिलनं समासात लिहिते:
बाळंतपणात बीपी वाढलं होतं?
"धाकट्याच्या येळंला. झटकं आलं हुतं.
सत्तावीस वर्सं झाली की बाई त्याला.
त्याचं आता काय?"

मी बरोबरची खूण केली.
माझ्याही दुसऱ्या खेपेला पाय सुजले होते.
दर वर्षी तपासून घ्या, असं फाइलवर लिहून दिलं होतं.
फाइल कपाटात आहे, साड्यांच्या खाली.
बीपीचं मशीन या भिंतीवर,
माझ्यापासून हातभर.

डॉक्टरांनी गोळी दिली. गिळू नका, चावा.
"कंच्या दाढंनं?" त्या म्हणाल्या,
आणि उजवीकडून चावली,
कैरी खाल्ल्यासारखं तोंड करून.
व्हीलचेअरवर बसायला मात्र लाजल्या.
"लोकं बघत्यात."

दुपारी दार आतून लावून
मी पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला.
वरचा आकडा इथे लिहीत नाही.
रात्री लोणच्याची बरणी सर्वांत वरच्या फळीवर गेली.
सासूबाईंनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि कालवणात आणखी मीठ मागितलं नाही.

महिन्यानं मालनताई तपासणीला आल्या,
स्टेंट बसवलेल्या, जरा वाळलेल्या.
पदराची गाठ सोडून कागदाची पुडी काढली.
"ही परत बसवत्यात का कुठं?"
मी हसले.
त्या हसल्या नाहीत.

त्यांच्या मागे दारात शेडवरच्या सहा जणी होत्या,
खाडा करून, टेम्पोत बसून आलेल्या.
कुणाला काही झालेलं नव्हतं.
हिनं आणलं म्हणून आलो, म्हणाल्या.
पहिलीला मी खुर्ची दिली,
म्हटलं, दंड पुढे करा.

तिनं आधी तोंड उघडून दाखवलं.
डावीकडे, खाली,
दोन जागा रिकाम्या.